ग्रेटिंगचा पॅटर्न सिम्युलेशनमध्ये: एकच ठिपका का दिसतो आणि बाकीचे कुठून आणायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑप्टिकस्टुडिओ या ऑप्टिकल डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ६०० रेषा प्रति मिमीचं ट्रान्समिशन ग्रेटिंग (समान अंतरावर बारीक रेषा असलेली, प्रकाश आरपार जाऊ देणारी पट्टी) टाकलं, ६३२.८ नॅनोमीटरचा लेझर लंब सोडला, पण १०० मिमीवरच्या पडद्यावर एकच ठिपका येतो. ठिपक्यांची पूर्ण रांग कशी मिळवायची? आणि कुठल्या ठिपक्यात किती प्रकाश जातो हे कसं कळेल?

मॉडेल बहुधा बरोबरच आहे. तुम्ही ज्या साधनाला हे विचारताय त्याचं ते कामच नाही. ग्रेटिंगबद्दल तीन वेगवेगळे प्रश्न असतात: प्रकाश कुठल्या दिशांना जातो, प्रत्येक दिशेला किती जातो, आणि पडद्यावर प्रत्येक ठिपका कसा दिसतो. रे ट्रेसिंग, म्हणजे ऑप्टिकस्टुडिओसारखं एकेका किरणाची वाट काढणं, फक्त दिशा सांगतं. किती प्रकाश गेला ते आरसीडब्ल्यूए किंवा एफडीटीडी (खाचांसाठी मॅक्सवेलची समीकरणं सोडवणाऱ्या दोन पद्धती) सांगतं. ठिपक्याचं रूप एफएफटीवर (फास्ट फूरिये ट्रान्सफॉर्म) चालणाऱ्या स्केलर, म्हणजे पोलरायझेशन न धरणाऱ्या, गणनेतून मिळतं. निम्म्याहून अधिक गोंधळ एकाचा प्रश्न दुसऱ्याला विचारल्याने होतो.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर दोन ओळी लिहा. हवेतून हवेत जाताना बाहेरच्या कोनाचा साइन = आपाती कोनाचा साइन + ऑर्डर × तरंगलांबी ÷ पिरियड. ऑर्डर म्हणजे मधल्यापासून मोजलेला ठिपक्याचा क्रमांक, पिरियड म्हणजे लागोपाठच्या दोन रेषांमधलं अंतर. ६०० रेषा म्हणजे पिरियड १.६६७ मायक्रॉन. पहिल्या ऑर्डरचा साइन ०.३७९७ येतो, म्हणजे कोन २२.३१ अंश. दुसऱ्याचा ०.७५९४, म्हणजे ४९.४१ अंश. तिसऱ्याचा १.१३९ येतो, साइन १ च्या वर जाऊ शकत नाही, म्हणून ती ऑर्डर हवेत नाहीच. तुमच्या पडद्यावर पाचच ठिपके पडायला हवेत: मधला, ४१.० मिमीवर दोन आणि ११६.७ मिमीवर दोन. अंतरं समान नाहीत. पहिला ठिपका मधल्यापासून ४१ मिमीवर, तर दुसरा पहिल्यापासून जवळपास ७६ मिमीवर. समान अंतराची रांग दिसली तर कुठेतरी टॅनच्या जागी साइन धरला गेलाय असं समजा. आणि पडदा किमान २४० मिमी रुंद ठेवा, नाहीतर बाहेरचे दोन ठिपके काठाबाहेर पडतील आणि तुम्ही ते ग्रेटिंगमध्ये शोधत बसाल.

आता ऑप्टिकस्टुडिओ. सीक्वेन्शियल मोडमध्ये (इथे किरण ठरलेल्या क्रमानेच सरफेस ओलांडतात) 'डिफ्रॅक्शन ग्रेटिंग' सरफेसला दोन आकडे लागतात: रेषांची घनता आणि ऑर्डर. घनता प्रति मायक्रॉन भरायची असते, म्हणून ६०० नाही, ०.६. तिथे ६०० टाकलं तर पहिल्या ऑर्डरचा साइन ३८० च्या आसपास जातो, सगळे किरण अडतात आणि एरर येते. ही चूक इतकी नेहमीची आहे की ग्रेटिंगवर किरण मेले की आधी तोच रकाना बघावा. ऑर्डरच्या रकान्यात एका वेळी एकच आकडा बसतो. म्हणूनच तुम्हाला एक ठिपका दिसतो: तिथे ० असेल तर मधला, १ असेल तर एका बाजूचा. पाचही हवे असतील तर मल्टि-कॉन्फिगरेशन एडिटरमध्ये पाच कॉन्फिगरेशन करा, पीआरएएम ओपरँडने (पॅरामीटर बदलणारी ओळ) दुसरा पॅरामीटर, म्हणजे ऑर्डर, -२ ते +२ असा बदलत न्या आणि लेआउटमध्ये सगळी कॉन्फिगरेशन एकत्र दाखवा. ठिपका अपेक्षेच्या उलट बाजूला गेला तर ऑर्डरचं चिन्ह उलटं करा. चिन्हाचा संकेत प्रत्येक सॉफ्टवेअरचा आपापला असतो, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

रेषा सरफेसच्या लोकल एक्स अक्षाला समांतर असतात. त्यामुळे ग्रेटिंग तिरकं करायचं तर एक्सभोवती फिरवा. वायभोवती फिरवलं तर कोनिकल डिफ्रॅक्शन होतं आणि ठिपके सरळ रेषेऐवजी कमानीवर जाऊन बसतात. मुद्दाम तसं हवं असेल तर हरकत नाही, पण बहुतेकांच्या मॉडेलमध्ये ते नकळत घडलेलं असतं. शिवाय किरण वळला तरी पुढचा अक्ष आपोआप वळत नाही. ग्रेटिंगनंतर कोऑर्डिनेट ब्रेक (अक्ष वळवणारा आभासी सरफेस) घालून त्याला चीफ रे (बीमचा मधला किरण) सॉल्व्ह लावा, म्हणजे पुढची लेन्स किरणाच्या वाटेत येईल. परावर्तक ग्रेटिंग असेल तर मटेरिअल मिरर ठेवा आणि पुढची जाडी ऋण.

नॉन-सीक्वेन्शियल मोडमध्ये एकाच किरणाला अनेक ऑर्डरमध्ये फोडता येतं. ऑब्जेक्ट प्रॉपर्टीजमधल्या डिफ्रॅक्शन टॅबवर सुरुवातीची आणि शेवटची ऑर्डर द्या, टेबलमध्ये प्रत्येकीचा वाटा भरा, आणि ट्रेस करताना पोलरायझेशन व किरण फोडण्याचा पर्याय दोन्ही चालू ठेवा. शेवटची गोष्ट राहिली की पुन्हा एकच ठिपका. पाच ठिपके आले की लोक डिटेक्टरवरची तीव्रता वाचून अहवालात टाकतात, पण ती तीव्रता म्हणजे तुम्हीच टेबलमध्ये भरलेला वाटा. सॉफ्टवेअरने खाचांकडे पाहिलेलंही नसतं. तो वाटा दुसरीकडून मोजून आणावा लागतो.

ठिपक्याचं रूप: एफएफटी आणि तिच्या खोड्या

खाचा तरंगलांबीच्या मानाने पुरेशा रुंद असतील, म्हणजे पिरियड किमान दहा तरंगलांब्यांचा असेल, तर ग्रेटिंग म्हणजे नुसता एक पातळ पडदा धरता येतो. नम्पाय, मॅटलॅब, काहीही चालेल. येणाऱ्या लहरीला ग्रेटिंगच्या फलनाने गुणा, एफएफटी घ्या, वर्ग करा. एवढ्या तीन पायऱ्यांत चुकायला काय आहे असं वाटतं, पण सर्वात जास्त चुकतं ते इथेच.

पिरियड १० मायक्रॉन, निम्मा भाग उघडा, निम्मा बंद, तरंगलांबी तीच ६३२.८. कोणी सॅम्पलमधलं अंतर ०.५ मायक्रॉन आणि एकूण ४०९६ सॅम्पल घेतो. खिडकी २०४८ मायक्रॉनची झाली, म्हणजे २०४.८ पिरियड. पूर्णांक नाही. एफएफटीच्या दृष्टीने ही खिडकी अनंत वेळा शेजारी शेजारी मांडलेली असते, आणि प्रत्येक सांध्यावर ग्रेटिंग तुटतं. प्रत्येक ऑर्डरच्या दोन्ही बाजूंना शेपट्या पसरतात आणि त्यांना लोक 'पार्श्वभूमीचा गोंगाट' म्हणतात. त्याऐवजी अंतर ०.६२५ मायक्रॉन घ्या. एका पिरियडमध्ये बरोबर १६ सॅम्पल, खिडकी २५६० मायक्रॉन, बरोबर २५६ पिरियड. पहिली ऑर्डर एफएफटीच्या आउटपुटमध्ये नेमकी २५६ व्या घरात बसते, शेपट्या गायब.

उघडा भाग ठरवताना दशांश संख्येला पिरियडने भागून बाकी अर्ध्यापेक्षा कमी आहे का, अशी अट लावू नका. ०.६२५ बायनरीत नेमकी लिहिता येते, पण ०.१ लिहिता येत नाही. अशा वेळी काठावरचं सॅम्पल कधी आत पडतं, कधी बाहेर. १६ पैकी ८ ऐवजी ९ सॅम्पल उघडी राहिली की दुसरी ऑर्डर, जी निम्म्या-निम्म्या ग्रेटिंगमध्ये शून्यच असायला हवी, ०.३९ टक्क्यांवर जाते. पूर्णांक क्रमांक वापरा: सॅम्पलचा क्रमांक भागिले ८, फक्त पूर्ण भाग घ्या, तो सम असेल तर उघडं. सम ऑर्डर शून्य येतात की नाही, हीच पहिली परीक्षा.

दुसरी परीक्षा आकड्यांची. अशा ग्रेटिंगमध्ये निम्मा प्रकाश अडतो, मधल्या ठिपक्यात २५ टक्के जातो, पहिल्या ऑर्डरमध्ये प्रत्येकी १०.१३ टक्के, तिसऱ्यात प्रत्येकी १.१३. तुमच्या गणनेत १६ सॅम्पलवर पहिली १०.२६ आणि तिसरी १.२७ दिसेल. कोड बरोबर आहे. १६ सॅम्पलवर तिसरी आणि तेरावी ऑर्डर वेगळ्या ओळखता येत नाहीत, वरच्या ऑर्डरचा भाग खालच्यांत मिसळतो. ६४ सॅम्पल घेतली की तिसरी १.१३४ वर येते. त्यामुळे केवढ्या ऑर्डरपर्यंतचे आकडे हवेत ते आधी ठरवा, मग सॅम्पल.

आता २५६ व्या घरात नुसती एक टोकदार काठी दिसते, ठिपका दिसत नाही, ही तक्रार. खिडकी पूर्ण ग्रेटिंगने भरली असेल तर तसंच दिसणार, कारण एफएफटीच्या मते तुमचं ग्रेटिंग अनंत लांब आहे. खऱ्या ठिपक्याची रुंदी ग्रेटिंगच्या उजळलेल्या भागावर ठरते. म्हणून २५६० मायक्रॉन भरलेले ठेवा आणि आजूबाजूला शून्यं घालून ग्रिड १६३८४ करा. १०० मिमी फोकल लांबीच्या लेन्सच्या फोकल प्रतलात एक पिक्सेल ६.१८ मायक्रॉनचा होतो आणि ठिपक्याच्या मध्यापासून पहिला काळोख २४.७ मायक्रॉनवर, म्हणजे चार पिक्सेलवर येतो. आता ठिपका, त्याचे पार्श्वलोब, सगळं दिसतं. पहिल्या ऑर्डरची जागा एफएफटी ६.३२८ मिमी सांगेल, टॅनने काढलेली खरी जागा ६.३४१ आहे. हा १३ मायक्रॉनचा फरक छोट्या कोनांच्या गृहीतकाचा. कोन वाढेल तसा तो झपाट्याने वाढतो, म्हणून अक्षावर आधी साइन लिहा आणि अंतरात नंतर बदला.

लेन्स का मध्ये आणली? कारण २.५६ मिमी रुंद ग्रेटिंगसाठी फ्राउनहोफर अंतर, म्हणजे जिथून पुढे ठिपके एफएफटीतल्यासारखे दिसतात ते, दहा मीटरच्या पलीकडे सुरू होतं. रुंदीचा वर्ग भागिले तरंगलांबी केलं की १०.४ मीटर येतात. एक मीटरवर ऑर्डर वेगळ्या झालेल्या असतात, पण प्रत्येक ठिपका बीमच्याच रुंदीचा असतो, टोकदार नाही. आणि अगदी जवळ गेलात, ३१६ मायक्रॉनवर, तर ऑर्डरऐवजी ग्रेटिंगची स्वतःचीच प्रतिमा दिसते. ही टॅल्बट प्रतिमा. १५८ मायक्रॉनवर तीच अर्धा पिरियड सरकलेली असते. अँग्युलर स्पेक्ट्रमचा (लहर सपाट लहरींत फोडून पुढे नेणारा) कोड बरोबर आहे का हे तपासायला याहून स्वस्त कसोटी नाही. मात्र त्याच कोडने १०० मिमी पुढे जाऊ नका. तिथे पहिली ऑर्डर ६.३ मिमी बाजूला गेलेली असते, खिडकी २.५६ मिमीची, त्यामुळे ती एका काठातून बाहेर पडून दुसऱ्या काठातून आत येते. पडद्यावर जिथे काही असायला नको तिथे पट्टे दिसतात आणि ते इतके सुबक असतात की खरे वाटतात.

रंगीत पॅटर्न काढणाऱ्यांची फजिती वेगळीच. लाल, हिरवा, निळा तिन्ही रंगांची एफएफटी काढून एकावर एक ठेवली की इंद्रधनुष्याऐवजी पांढरे ठिपके येतात. पहिली ऑर्डर प्रत्येक रंगात त्याच घरात बसते, कारण घराचा क्रमांक फक्त पिरियडवर अवलंबून असतो. बदलते ती पिक्सेलची रुंदी, आणि ती तरंगलांबीच्या प्रमाणात असते. प्रत्येक रंगाची प्रतिमा आधी मिमीच्या समान अक्षावर इंटरपोलेट करा, मगच बेरीज. बेरीज तीव्रतेची करायची, ॲम्प्लिट्यूडची नाही. वेगवेगळ्या तरंगलांब्यांच्या लहरी पडद्यावर स्थिर व्यतिकरण करत नाहीत. बरोबर जमलं की, ग्रेटिंग निम्मं-निम्मं नसेल तर (त्यात दुसरी ऑर्डर शून्यच असते), ६०० नॅनोमीटरची दुसरी ऑर्डर आणि ४०० ची तिसरी एकाच जागी पडलेली दिसेल. ती चूक नव्हे, म्हणूनच स्पेक्ट्रोमीटरमध्ये ऑर्डर गाळणारा फिल्टर लावतात.

फेज ग्रेटिंग (प्रकाश न अडवता लहर फक्त मागेपुढे करणारं) असेल तर गुणायचं फलन बदलतं, बाकी सगळं तेच. खोली ठरवताना ट्रान्समिशन आणि परावर्तन यांची सूत्रं एकमेकांत मिसळू देऊ नका. फ्यूज्ड सिलिकाचा अपवर्तनांक ६३२.८ नॅनोमीटरला १.४५७ आहे. दोन पातळ्यांच्या ग्रेटिंगला अर्ध्या तरंगलांबीचा फरक हवा, त्यासाठी खाच ०.६९२ मायक्रॉन खोल लागते. परावर्तनात तोच परिणाम पाव तरंगलांबीत, १५८ नॅनोमीटरमध्ये मिळतो, कारण प्रकाश खाचेत जाऊन परत येतो. ०.६९२ वर मधला ठिपका नाहीसा होतो आणि पहिल्या दोन ऑर्डरमध्ये प्रत्येकी ४०.५ टक्के जातात. खोली चुकून दुप्पट भरली तर ग्रेटिंगच नाहीसं होतं, सगळा प्रकाश सरळ जातो. एकाच बाजूला प्रकाश ढकलायचा असेल तर उतरता दात हवा. त्याचे ४ पातळ्यांचे जिने केले तर ८१.१ टक्के, ८ केले तर ९५.०, १६ केले तर ९८.७. आठच्या पुढे पातळ्या वाढवण्यात प्रत्यक्षात फारसं हाती लागत नाही.

किती प्रकाश: इथे खरं गणित लागतं

तुमचं ६०० रेषांचं ग्रेटिंग मात्र स्केलर गणनेत बसत नाही. पिरियड तरंगलांबीच्या जेमतेम २.६ पट आहे. इथे पोलरायझेशन बदललं की उत्तर बदलतं, आणि वरचे टक्के लागू पडत नाहीत. आवर्ती, थरांच्या रचनेला माझी पसंती आरसीडब्ल्यूएला. १९८१ मध्ये मोहरम आणि गेलॉर्ड यांनी मांडलेली ही पद्धत लॅपटॉपवर सेकंदांत उत्तर देते, आणि एसफोरसारखे मोफत कोड उपलब्ध आहेत. खाचेचा आकार विचित्र असेल, किंवा ग्रेटिंग मोजक्या रेषांचंच असेल, तर एफडीटीडी. त्यासाठी मीप मोफत आहे.

आरसीडब्ल्यूएमध्ये पाहायची गोष्ट म्हणजे हार्मोनिक्सची, म्हणजे गणनेत धरलेल्या फूरिये पदांची, संख्या. ११, २१, ३१, ४१ अशी वाढवत जा आणि तुम्हाला हव्या त्या ऑर्डरचा आकडा तिसऱ्या दशांशापर्यंत स्थिर होईपर्यंत थांबू नका. परावर्तन अधिक ट्रान्समिशन १०० टक्के आलं म्हणून खूश होणं हा सापळा आहे. शोषण नसलेल्या पदार्थात ही पद्धत पाच हार्मोनिक्सवरही ऊर्जेचा हिशोब चोख जुळवते, उत्तर साफ चुकीचं असलं तरी. धातूच्या खाचा आणि विद्युतक्षेत्र रेषांना आडवं, या जोडीत जुने कोड शंभर हार्मोनिक्सवरही डगमगत असत. १९९६ मध्ये फूरिये गुणाकाराचे योग्य नियम सापडल्यावर हे बरंचसं सुटलं, म्हणून कोड ते नियम पाळतो का ते त्याच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या. तिरप्या दाताचे पातळ काप करताना धातूत अजूनही काळजी लागते. कापांची संख्या आणि हार्मोनिक्स दोन्ही एकत्र वाढवून बघा.

टीई आणि टीएम ही नावं प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये सारखी नसतात. ग्रेटिंगच्या जगात टीई म्हणजे विद्युतक्षेत्र रेषांना समांतर, टीएम म्हणजे आडवं, पण काही द्विमितीय एफडीटीडी कोडमध्ये नेमकं उलटं. नाव न बघता क्षेत्राची दिशा बघा.

काचेवर कोरलेल्या तुमच्या ग्रेटिंगसाठी आउटपुटमध्ये पाचऐवजी सात ट्रान्समिटेड ऑर्डर दिसतील. घाबरू नका. काचेच्या आत तरंगलांबी लहान होते, त्यामुळे तिसरी ऑर्डर तिथे ५१.४ अंशांवर चालू शकते. काचेचा क्रांतिक कोन ४३.३ अंश, म्हणून ती मागच्या पृष्ठावरून आतच परतते आणि पडद्यावर कधीच येत नाही. रे ट्रेसिंगच्या टेबलमध्ये भरताना हा वाटा सोडून द्या. मागच्या पृष्ठाचं परावर्तनही वेगळं धरा, कारण आरसीडब्ल्यूए काच अनंत जाड मानते.

उत्तरात अचानक 'संख्या नाही' असं आलं तर बहुधा तुम्ही गोल आकडे वापरलेत. पिरियड २ मायक्रॉन, तरंगलांबी ५०० नॅनोमीटर, लंब आपात: चौथी ऑर्डर नेमकी ९० अंशांवर, तिचा पुढे जाणारा घटक शून्य, आणि कोड शून्याने भागतो. तरंगलांबी ५००.०१ करा, चालू लागेल. त्या जागेच्या आसपास आलेखात टोकदार वळण दिसतं ते मात्र खरं आहे, गुळगुळीत करून टाकू नका. वुडला १९०२ मध्ये प्रयोगात अशीच वळणं दिसली होती. आणि परावर्तन १०० टक्क्यांच्या वर गेलं तर धातूच्या अपवर्तनांकाच्या काल्पनिक भागाचं चिन्ह तपासा. कोडचा वेळेचा संकेत उलटा असेल तर तुमचं ॲल्युमिनियम प्रकाश शोषण्याऐवजी वाढवत बसतं.

एफडीटीडीमध्ये पूर्ण ग्रेटिंग काढू नका. एकच पिरियड काढा, दोन्ही बाजूंना पिरियॉडिक सीमा, वर-खाली पीएमएल (लहरी परत न पाठवता शोषणारी सीमा). सगळीकडे पीएमएल लावून दहा खाचा काढल्या तर कडांचं विवर्तन मिसळतं. सर्वाधिक अपवर्तनांकाच्या पदार्थात एका तरंगलांबीला किमान १० जाळीबिंदू, तिरप्या कडा असतील तर २०. धातूच्या कडेशी काही नॅनोमीटरची जाळी. मॉनिटर खाचांपासून एक तरंगलांबी दूर ठेवा, नाहीतर चित्रात न पसरणारी क्षेत्रंही येतात आणि ते विस्कटलेलं दिसतं.

तिरक्या आपातासाठी ब्लॉख सीमा (दोन बाजूंमध्ये ठरावीक फेजचा फरक ठेवणारी पिरियॉडिक सीमा) लागते, आणि इथे एक गोष्ट हमखास निसटते. ब्लॉख सीमा आडवा तरंगसदिश पक्का धरते, कोन नाही. ५५० नॅनोमीटरला २० अंश ठरवून रुंद पट्ट्याचा पल्स सोडलात, तर त्याच रनमध्ये ७०० नॅनोमीटरचा प्रकाश २५.८ अंशांनी येतो आणि ४५० चा १६.३ अंशांनी. '२० अंशांचा स्पेक्ट्रम' म्हणून जो आलेख काढला जातो तो एकाच बिंदूवर खरा असतो. प्रत्येक तरंगलांबीला वेगळा रन द्या, किंवा रुंद पट्ट्यात कोन स्थिर ठेवणारी पद्धत तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर ती वापरा.

तुमच्या कामाचा क्रम मग असा लागतो. हाताने कोन काढा. आरसीडब्ल्यूएने दोन्ही पोलरायझेशनसाठी पाच ऑर्डरचे वाटे काढा, लेझर ध्रुवित नसेल तर दोन्हींची सरासरी घ्या. मागच्या पृष्ठाचा तोटा वजा करून ते वाटे नॉन-सीक्वेन्शियल टेबलमध्ये भरा. डिटेक्टरवर ठिपके ०, ४१.० आणि ११६.७ मिमीवर पडतात का ते बघा. बेरीज १०० टक्क्यांपेक्षा कमी यायला हवी. परावर्तन आणि काचेत अडकलेली तिसरी ऑर्डर त्या बेरजेत नाही.